एका खोलीतले दोघे: प्रेस्टनमधल्या मॉर्मन प्रचारक जोडीचा एक आठवडा

प्रकरणातला प्रश्न आधी मांडतो. अठरा वर्षांचा एक मुलगा घरापासून साडेसात हजार किलोमीटरच्या आसपास दूर, इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात आला आहे. येऊन तीन आठवडे झाले. सोमवारपासून त्याचं जेवणात लक्ष नाही, गुरुवारी रात्री तो उठून बसतो आणि म्हणतो, "मला घरी जायचंय." खोलीत त्याच्यासोबत एकच माणूस आहे, तोही जेमतेम एकोणीस वर्षांचा. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाने काय करावं? आणि ज्या संस्थेने त्या दोघांना इथं पाठवलं, तिने त्याच्या हातात काय दिलं आहे?

ही जोडी कुणा एका खऱ्या जोडीचं चित्र नाही. प्रचारकांचे नियम, त्यांचं वेळापत्रक आणि वारंवार घडणारे प्रसंग यांवरून ती अभ्यासासाठी उभी केली आहे. म्हणून दोघांना नावं न देता थोरला आणि धाकटा म्हणू. नियम, सालं, आकडे आणि ठिकाणं मात्र खरी आहेत.

पार्श्वभूमी

मराठी वाचकाला मिशनरी म्हटलं की १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मराठी मिशनची माणसं आठवतात. अहमदनगरचं त्यांचं ठाणं, शाळा, दवाखाने, आणि आयुष्य इथंच घालवून मराठीत लिहू-बोलू लागलेले पाद्री. मॉर्मन प्रचारक त्या साच्यात बसत नाही. तो पाद्री नसतो, धर्मशास्त्र शिकलेला नसतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बारावी झालेला मुलगा असतो. दोन वर्षांसाठी येतो आणि परत जाऊन कॉलेजला लागतो. पगार मिळत नाही, उलट घरचेच पैसे भरतात. अमेरिकेतल्या प्रचारकासाठी २०२० च्या जुलैपासून ही रक्कम महिन्याला ५०० डॉलर ठरली. मुलगा टोकियोत जावो की मनिलात, घरच्यांनी भरायची रक्कम तीच. कुठं जायचं हे त्याच्या हातात नसतं. अर्ज करायचा, आणि सॉल्ट लेक सिटीतल्या मुख्यालयातून उत्तर येईल तिकडे निघायचं.

संस्थेचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात तिची स्थापना केली. मॉर्मन हे नाव वापरू नये असं तिच्या नेतृत्वाने २०१८ मध्ये आवर्जून सांगितलं. इथं ते केवळ वाचकांच्या ओळखीचं म्हणून वापरलं आहे.

मुलांसाठी वयाची अट पूर्वी एकोणीस होती. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ती अठरा झाली आणि मुलींची एकवीसवरून एकोणीसवर आली. त्या वर्षाअखेरीस जगभरात ५९ हजारांच्या आसपास प्रचारक होते, पुढच्या वर्षाअखेरीस ते ८३ हजारांवर गेले. या प्रकरणाच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. एकोणीसचा मुलगा सहसा एखादं वर्ष कॉलेजात, वसतिगृहात, घराबाहेर काढून आलेला असायचा. अठराचा मुलगा अनेकदा आईच्या स्वयंपाकघरातून थेट विमानात बसतो. घर सोडायची त्याची ही पहिलीच वेळ असते, आणि ती दोन वर्षांची असते.

प्रेस्टनच का निवडलं, त्याला कारण आहे. अमेरिकेबाहेर, समुद्रापलीकडे या पंथाचा पहिला प्रचार याच गावात झाला. १८३७ च्या जुलैमध्ये हीबर किंबल आणि त्याचे सहा सोबती इथं पोचले. राणी व्हिक्टोरिया नुकतीच गादीवर आली होती, निवडणुकीची धामधूम होती, रस्त्यात फलक फडकत होते. आल्यानंतर आठवड्याभरानेच, ३० जुलैला, रिबल नदीत नऊ जणांचा बाप्तिस्मा झाला. पुढच्या काही महिन्यांत सुमारे दीड हजार लोक त्यांच्यात आले. गिरणीकामगारांचं गाव, हलाखीचे दिवस, आणि बोलणारी माणसंही त्यांच्यासारखीच फाटकी. हे सगळं तेव्हा जुळून आलं. पंधरा वर्षांनी, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला गेला. पुण्याच्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत फारसा शिरकाव करू दिला नाही. तिथं थोडेसेच लोक त्याच्यासोबत आले आणि काही वर्षांत ते काम थांबलं. 'बुक ऑफ मॉर्मन' हा तोच धर्मग्रंथ, तोच संदेश, आणि फळात इतका फरक. प्रचारक कितीही मन लावून काम करो, निकाल त्याच्या हातात फारच थोडा असतो.

आजचं प्रेस्टन १८३७ चं राहिलेलं नाही. जवळच चोर्ली गावात पंथाचं मंदिर आणि प्रचारकांचं प्रशिक्षण केंद्र आहे. गावात आणि आसपास पिढ्यान्‌पिढ्यांची मॉर्मन कुटुंबं आहेत. पण नवा माणूस मिळणं फार अवघड झालं आहे. २०२४ मध्ये जगभरात या पंथात नव्याने आलेल्यांचा आकडा ३,०८,६८२ होता आणि वर्षाअखेरीस प्रचारक होते ७४,१२७. म्हणजे माणशी वर्षाला चार. त्यातलेही बरेच आफ्रिकेतले आणि दक्षिण अमेरिकेतले. लँकेशरच्या पावसात दारं ठोठावणाऱ्या मुलाच्या वाट्याला महिनोन्‌महिने काहीच येत नाही.

सोमवार

आठवडा सोमवारी सुरू होतो, कारण सोमवार तयारीचा दिवस. कपडे धुणं, खोली झाडणं, केस कापणं, आठवड्याचं वाणसामान. एरवीचं वेळापत्रक घट्ट असतं: साडेसहाला उठायचं, प्रार्थना, थोडा व्यायाम, नाश्ता, मग आधी एकट्याने आणि नंतर जोडीदाराबरोबर धर्मग्रंथाचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर पडायचं, रात्री नऊच्या आसपास परतायचं, साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून मिशनच्या, म्हणजे प्रचारकांच्या विभागाच्या, प्रमुखांना यात थोडे फेरफार करायची मोकळीक मिळाली, पण चौकट तीच राहिली. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मुलीबरोबर फिरणं नाही, पोहणंसुद्धा नाही. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची नाही, 'एल्डर' आणि पुढे आडनाव.

आणि जोडीदाराला सोडायचं नाही. न्हाणीघर वगळता दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. झोपायचं एकाच खोलीत. जोडीदार निवडता येत नाही आणि तो कधी बदलेल हेही सांगता येत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, तेव्हा कळतं. नवा मुलगा आला की पहिले बारा आठवडे त्याला शिकवायला एक अनुभवी जोडीदार देतात. अनुभवी म्हणजे कधी कधी वर्षभराने मोठा. आपला थोरला चौदा महिन्यांपासून या कामात आहे. त्याने पहिल्यांदाच कुणाला तरी शिकवायला घेतलं आहे.

सोमवारची मोठी गोष्ट म्हणजे घरी फोन. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत प्रचारकाला वर्षातून दोनदाच घरी फोन करता यायचा, ख्रिसमसला आणि मातृदिनाला. एरवी आठवड्याला ईमेल. १५ फेब्रुवारी २०१९ ला नियम बदलला आणि दर आठवड्याला तयारीच्या दिवशी फोन, मेसेज किंवा व्हिडिओ कॉल करायची परवानगी मिळाली. फोन मुलाने करायचा, घरच्यांनी नाही. किती बोलायचं, दर आठवड्याला बोलायचं की नाही, हेही त्यानेच ठरवायचं.

धाकट्याचं घर अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात. प्रेस्टन आणि तिथल्या घड्याळात सात तासांचं अंतर आहे. प्रेस्टनला दुपारचे दोन म्हणजे तिकडे सकाळचे सात. तयारीचा दिवस संध्याकाळी सहाला संपतो आणि मुलं पुन्हा कामाला लागतात. म्हणजे बोलायला मिळतात मधले तीन-चार तास. त्यातच आईचं कामावर निघणं, धाकट्या बहिणीची शाळा. धाकटा अडीचला फोन लावतो. थोरला त्याच खोलीत, पाठ करून, ओले मोजे हीटरवर वाळत घालत बसला आहे.

"जेवलास का?"
"हो."
"तुझा जोडीदार कसा आहे?"
"चांगला आहे."
"थंडी आहे का रे?"
"पाऊस आहे."

पुढची वीस मिनिटं आईच बोलते. कुत्र्याबद्दल, शेजाऱ्यांबद्दल, रविवारी चर्चमध्ये कोण कोण त्याची चौकशी करत होतं त्याबद्दल. धाकटा ऐकतो. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून राहतो.

हा नियम बदलला तेव्हा अशी शंका घेतली गेली की दर आठवड्याला घरचा आवाज ऐकून मुलांना घराची ओढ जास्तच लागेल. ती शंका अगदीच खोटी नाही. सोमवारी संध्याकाळी धाकटा खरोखरच जास्त खचलेला दिसतो. तरी हा बदल योग्य होता असं माझं ठाम मत आहे. वर्षातून दोनदाच आवाज ऐकणाऱ्या आईला मुलाच्या आवाजातला फरक कळणार कसा? या आठवड्याचा 'हो' गेल्या आठवड्याच्या 'हो'पेक्षा बारीक निघाला, हे दर आठवड्याला ऐकणाऱ्यालाच कळतं. धाकट्याच्या आईला ते कळलं होतं. शुक्रवारी त्याचा उपयोग झाला.

मंगळवार आणि बुधवार

मंगळवारी सकाळी आसपासच्या तीन-चार जोड्यांची साप्ताहिक बैठक झाली. कुणाला भेटायचं, कसं शिकवायचं, यावर चर्चा आणि सराव. धाकटा गप्प होता, पण नवीन मुलं गप्पच असतात.

बुधवारी पाऊस. मिशनमध्ये आता दारोदार फिरण्यापेक्षा ओळखीतून आणि सोशल मीडियावरून आलेल्यांना भेटण्यावर भर असतो. प्रचारकांकडे स्मार्टफोन असतो, कोणाला कधी भेटलो याची नोंद ॲपवर होते. पण सकाळच्या दोन भेटी रद्द झाल्या आणि दोघे लाल विटांच्या चाळवजा घरांच्या रांगेत शिरले. पांढरा सदरा, टाय, खिशावर काळी नावाची पट्टी.

प्रेस्टनमध्ये गुजराती वस्ती मोठी आहे. साठच्या दशकापासून गिरण्या-कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबं, काही थेट गुजरातेतून, काही पूर्व आफ्रिकेतून. एक दार गुजराती आजीने उघडलं. भिजलेली दोन पोरं बघून तिने काही न विचारता आत घेतलं, टॉवेल दिला आणि चहा टाकायला वळली. इथं थोरल्याने हात जोडून सांगितलं की आम्ही चहा पीत नाही. चहा, कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य आहे. आजीला ते पटेना. पाहुणा घरात आला आणि चहा नको म्हणाला, हे आपल्या माणसाला जितकं खटकतं तितकंच तिलाही खटकलं. शेवटी तिने पाणी गरम करून त्यात लिंबू पिळून दिलं, सोबत चेवडा. धर्माची गोष्ट निघाली तेव्हा तिने देव्हाऱ्याकडे हात केला आणि म्हणाली, आमचं सगळं इथं आहे, तुम्ही खाऊन घ्या. धाकट्याने बशीभर चेवडा संपवला. दोन दिवसांत त्याने नीट खाल्लेलं तेवढंच.

पुढची दारं उघडलीच नाहीत, किंवा उघडून लगेच बंद झाली. बहुतेक लोक सभ्यपणे नको म्हणतात. एका घरातून साठीचा माणूस बाहेर आला. चिडला नव्हता. धाकट्याकडे नीट बघून त्याने विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक आहे का, तू कुठं फिरतोयस ते?" आणि दार लोटलं.

थोरल्याने असली वाक्यं शेकड्यांनी ऐकली आहेत. तो पुढच्या दाराकडे निघाला. धाकटा तिथंच उभा राहिला. दिवसभर हसत हसत नकार घेणाऱ्याला कोणतं वाक्य लागेल ते सांगता येत नाही. शिव्या सोसवतात, कळवळ्याने विचारलेला प्रश्न सोसवत नाही.

गुरुवारची रात्र

दिवे बंद झाल्यावर तासाभराने थोरल्याला जाग आली. धाकटा अंधारात भिंतीला टेकून बसला होता. पोटात कळ येतेय म्हणाला. मग म्हणाला झोप लागत नाही, आल्यापासून नीट लागलीच नाही. मग म्हणाला, मला घरी जायचंय.

थोरल्याने त्याला ती गोष्ट सांगितली, जी अशा वेळी या पंथातला कुणीही सांगेल, आणि प्रेस्टनमध्ये तर सांगेलच.

१९३३ मध्ये गॉर्डन हिंकली नावाचा तेवीस वर्षांचा तरुण याच गावात प्रचारक म्हणून आला. महामंदीचा काळ. विद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला, आई तीन वर्षांपूर्वी गेलेली. आल्या आल्या परागांच्या तापाने नाक-डोळे गळू लागले, लोक ऐकून घेईनात. त्याने वडिलांना पत्र लिहिलं की मी इथं माझा वेळ आणि तुमचा पैसा वाया घालवतोय. वडिलांचं उत्तर त्रोटक होतं. पत्र मिळालं, माझी एकच सूचना आहे: स्वतःला विसर आणि कामाला लाग. हिंकलीने गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि थांबला. पुढे १९९५ मध्ये तो संपूर्ण पंथाचा अध्यक्ष झाला आणि १९९८ मध्ये चोर्लीच्या मंदिराचं समर्पण त्याच्याच हातून झालं. त्या दिवसाने आपलं आयुष्य बदललं, असं तो म्हणत असे.

गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. गेली कित्येक वर्षं ती खचलेल्या मुलांना सांगितली जाते आणि अनेकांना तिने सावरलंही असेल. धाकट्याने ती पूर्ण ऐकली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे माझंच चुकतंय."

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण मला हाच वाटतो. चांगल्या मनाने दिलेल्या औषधाने दुखणं वाढलं. का वाढलं, ते थोरल्याला रात्री समजलं नाही. शुक्रवारी समजलं.

शुक्रवार

प्रचारक आठवड्यातून एकदा पुढच्या आठवड्याची आखणी करतात. आखणीच्या शेवटी एक भाग असतो, जोडीदारांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलायचा. तुझ्यात मला काय चांगलं दिसतं, आपलं कुठं बिनसतंय, काय बदलू या. अनेक जोड्या हे पाच मिनिटांत उरकतात. या शुक्रवारी त्याला दोन तास लागले.

थोरल्याने टेबलावर एक पातळ पुस्तिका ठेवली. प्रचारकांना नव्या आयुष्याशी जुळवून घेता यावं म्हणून चर्चनेच २०१३ मध्ये ती काढली. तिच्यात ताणाच्या चार पायऱ्या रंगांनी दाखवल्या आहेत. हिरवा: ताण आहे, पण मन लवकर सावरतं. पिवळा: काळजी वाटते, आपली तयारी कमी पडतेय असं वाटतं. नारिंगी: थकवा, पोट-डोकं दुखणं, चिडचिड किंवा उदासी, विश्रांती घेऊनही मन थाऱ्यावर न येणं. लाल: खोल निराशा, अपराधीपणाचा भार, आशा संपल्यासारखं वाटणं. धाकट्याने बोट नारिंगीवर ठेवलं. थोडा वेळ ते तिथंच ठेवलं आणि लालच्या कडेपर्यंत सरकवलं.

हिंकलीची गोष्ट कुठे चुकली, ते इथं उघड होतं. वडिलांना पत्र लिहिलं तेव्हा हिंकली बहुधा पिवळ्या पायरीवर होता. वय तेवीस, पदवी हातात, तापाने हैराण आणि कामाने निराश. त्या पायरीवर 'स्वतःला विसर, कामाला लाग' हे रामबाण औषध आहे. माणूस स्वतःच्या विचारांतून बाहेर पडतो, दिवस भरतो, रात्री झोप लागते. नारिंगीवर तेच औषध उलटतं. ज्याला झोप नाही, जेवण नाही, त्याने जास्त काम केलं तर तो आणखी थकतो. आणि उभारी आली नाही की माझी श्रद्धाच कमी असा अर्थ लावतो. थकव्याच्या जोडीला पाप येऊन बसतं. धार्मिक वातावरणात वाढलेल्या मुलांच्या बाबतीत हा धोका फार मोठा आहे, आणि त्याकडे डोळेझाक करणं मला अक्षम्य वाटतं.

थोरल्यापुढे तीन वाटा होत्या. गप्प बसून बदलीची वाट पाहायची, म्हणजे धाकटा दुसऱ्या कुणाच्या खोलीत जाईल. बरेच जण हेच करतात, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला त्याबद्दल दोष देता येत नाही. दुसरी वाट, स्वतःच सांभाळून घ्यायची: जास्त प्रार्थना, जास्त गप्पा, जास्त फुटबॉल. तिसरी, वर कळवायचं. तिसरीला दोघंही भीत होते. प्रचारक दर आठवड्याला मिशन अध्यक्षांना पत्र लिहितो, पण त्यात आपल्या खोलीतलं सगळं लिहिणं चुगलीसारखं वाटतं. शिवाय धाकट्याला वाटत होतं, एकदा कळवलं की थेट घरी पाठवतील.

कोंडी फुटली ती आईमुळे. सोमवारच्या फोननंतर तिला चैन पडत नव्हतं. नियमाप्रमाणे मुलाला फोन न करता तिने आपल्या वॉर्डच्या (स्थानिक मंडळीच्या) बिशपला, म्हणजे तिथल्या प्रमुखाला, सांगितलं, बिशपकडून निरोप मिशन अध्यक्षांपर्यंत गेला, आणि शुक्रवारी दुपारी थोरल्याचा फोन वाजला. मिशन अध्यक्ष पती-पत्नी तीन वर्षांसाठी आपलं घरदार सोडून आलेले असतात, आणि त्यांच्यावर शंभर-दोनशे मुलामुलींची जबाबदारी असते. त्यांनी थोरल्याला एकच विचारलं: "तू कसा आहेस?" थोरला रडला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

ही बाजू बहुतेक लिखाणात सुटते. लोक खचलेल्या मुलाबद्दल बोलतात. त्याच्याबरोबर चोवीस तास बांधलेल्या दुसऱ्या मुलाकडे कुणी पाहत नाही. थोरल्याला समुपदेशनाचं कसलंही शिक्षण नाही. रात्री जागायचं, सकाळी साडेसहाला उठायचं, दिवसभर हसून दारं ठोठवायची आणि वर जोडीदाराकडे लक्ष ठेवायचं. सगळ्या यंत्रणेचा भार या आठवड्यात त्याच्या खांद्यावर आला, आणि यंत्रणेने त्याच्या हाती फक्त एक पुस्तिका दिली होती. पुस्तिका चांगली आहे. पण ती त्याने आपण होऊन उघडली, म्हणून कामाला आली.

शनिवार, रविवार

शनिवारी जोड्यांची अदलाबदल झाली. शेजारच्या भागातला एक अनुभवी प्रचारक दिवसभर धाकट्याबरोबर राहिला आणि थोरला दुसऱ्या जोडीत गेला. दोघांनाही मोकळा श्वास घेता आला. संध्याकाळी धाकट्याचं मानसिक आरोग्य सल्लागाराशी व्हिडिओवर बोलणं झालं. अध्यक्षांच्या परवानगीने त्याच रात्री घरी फोनही झाला. तयारीचा दिवस नव्हता, तरी.

रविवारी दोन तासांची उपासना. ब्रेड आणि पाणी वाटलं गेलं. सभेनंतर एका स्थानिक कुटुंबाने दोघांना जेवायला बोलावलं आणि धर्माचा विषय न काढता वाढलं.

रात्री आठवड्याचा अहवाल. त्यातले चार आकडे असे: किती जणांचा बाप्तिस्मा झाला, किती जणांची तारीख ठरली, किती जण उपासनेला आले, किती नव्या माणसांना शिकवायला सुरुवात झाली. या आठवड्यात पहिले तीन शून्य. चौथ्यात एक. आजीचं नाव धरावं की नाही यावर दोघांत थोडा वाद झाला, आणि न धरता त्यांनी खरा आकडा दिला. तो एक म्हणजे गुरुवारी सकाळी बसस्थानकावर भेटलेला, परीक्षेला बसलेला एक विद्यार्थी.

निष्कर्ष आणि शिफारस

या अहवालात या आठवड्यात झालेल्या कामाचं नावही नाही. एका मुलाने दुसऱ्याला सांभाळलं, हे कुठल्याही रकान्यात बसत नाही. माझी पहिली शिफारस इथंच आहे. नव्या मुलाच्या पहिल्या बारा आठवड्यांत दोघांनीही दर रविवारी आपापला रंग कळवावा, आणि तो मिशन अध्यक्षांसोबतच आरोग्याचं काम पाहणाऱ्यांकडेही जावा. चुगली केल्याची भावना मग राहणार नाही, कारण ती आठवड्याची रीतच होईल.

दुसरं, हिंकलीची गोष्ट सांगायची तर आधी रंग विचारावा. पिवळ्याला सांगावी. नारिंगीला झोप, जेवण आणि सल्लागार.

तिसरं, घरी परतण्याबद्दल. वेळेआधी परतलेल्या मुलाकडे युटा-आयडाहोतल्या घट्ट समाजात संशयाने पाहिलं जातं. काय केलं असेल त्याने, अशी कुजबुज होते. चर्चने २०१९ च्या जानेवारीपासून प्रचाराचं मिशन आणि सेवेचं मिशन या दोन्हींसाठी एकच अर्ज ठेवला. ज्याची प्रकृती प्रचाराला साथ देत नाही त्याला घरी राहून सेवेचं मिशन पुरं करता येतं, आणि तेही पूर्ण मिशनच धरलं जातं. वाट चांगली आहे. पण मुलाला ती शेवटच्या क्षणी सांगितली तर त्याला हाकलल्यासारखं वाटतं. निघण्याआधीच, घरच्या बैठकीत, आईवडिलांसमोर सांगितली गेली पाहिजे.

धाकट्यापुरतं बोलायचं तर त्याला आत्ताच घरी पाठवू नये आणि थांबायची सक्तीही करू नये. चालू सहा आठवडे संपेपर्यंत दोघांना एकत्र ठेवावं, आठवड्यातून एकदा सल्लागाराशी बोलणं आणि एक दिवस अदलाबदल असावी, दारोदार फिरणं कमी करून ठरलेल्या भेटी आणि स्थानिक मदतकार्य वाढवावं. निर्णय बदलीच्या आधीच्या सोमवारी, आई फोनवर असताना, धाकट्याने घ्यावा. मधे रंग लालकडे सरकला तर वाट न पाहता त्याला विमानात बसवावं, आणि त्याच्या बिशपने स्वतः विमानतळावर जावं.